कम्फर्ट मोडमध्ये आईला मळमळतं: एअर सस्पेन्शनची गाडी, 14 महिन्यांनंतर

गाडी जर्मन, मोठी सेडान, सेकंड हँड. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की सगळं बोलणं लोगोवर जातं. घर नाशिकच्या गंगापूर रोडला, मळा दिंडोरीकडे, महिन्यातून एक-दोनदा मुंबई. 14 महिन्यांत 17,000 किलोमीटर झाले.

एअर सस्पेन्शन म्हणजे चाकांवर स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे. आधी एक गैरसमज काढतो, कारण तो माझाही होता. हवेवरची गाडी म्हणजे गादी, खड्डा कळणारच नाही, असं मला वाटायचं. पहिल्याच आठवड्यात ते खोटं ठरलं. सिंहस्थ तोंडावर असल्यामुळे शहरात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतोच, आणि बुजवलेल्या चराची धारदार कड लागली की गाडी ‘धाड’ करून सांगायची. दोष हवेचा नव्हता. आधीच्या मालकाने हौसेनं 20 इंची चाकं घातली होती, टायरची भिंत जेमतेम दोन बोटं. असा दणका आधी टायर खातो, मग स्प्रिंगपर्यंत पोचतो. कंपनीच्या मूळ मापाची 18 इंची चाकं घातली. शहरात त्याने जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही बटणाने पडला नाही.

मग हवेचं काम काय? स्टीलची स्प्रिंग पाच माणसं आणि भरलेल्या डिकीच्या हिशेबाने बनवावी लागते, म्हणून एकटा माणूस बसला की ती कडक वाटते. हवेच्या फुग्याचं तसं नाही. चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात, ओझं वाढलं की कॉम्प्रेसर हवा भरतो, उतरलं की झडपेतून सोडतो. मळ्यातून द्राक्षांचे क्रेट आणि मागे तीन पाहुणे घेऊन निघालो तरी गाडीची शेपूट खाली जात नाही आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. हे सुख जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण मला सगळ्यात जास्त तेच आवडलंय.

उंचीचं बटण आमच्याकडे रोज लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर. मळ्याच्या वाटेवरचे गतिरोधक ज्याने घातले त्याने हा निकष स्वप्नातही पाहिलेला नसावा. माझी गाडी साधारण 30 मिलीमीटर वर उठते आणि तेवढ्यावर बहुतेक उंचवटे पोट न घासता निघतात. मात्र वेग वाढला की ती आपोआप खाली बसते. वर घेतलीय या भ्रमात राहून एकदा पोटाखालचं प्लास्टिकचं कव्हर सोलून घेतलंय.

आता मोड, म्हणजे गाडी मऊ चालावी की कडक हे ठरवणारी बटणं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. पण आई सोबत असली की जुनाच रस्ता, कारण घाटनदेवीला थांबल्याशिवाय ती घाट उतरू देत नाही. पहिल्या खेपेला मी ऐटीत कम्फर्ट लावला. कसारा येईपर्यंत आईच्या तोंडाला पदर आणि खिडकी उघडी. “अरे, आपली जुनी गाडी परवडली. ही नुसती पाळण्यासारखी झुलते.”

बरोबर होतं तिचं. कम्फर्टमध्ये डॅम्पर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, सैल होतात. सरळ रस्त्यावर ते छान वाटतं, पण वळणावर गाडी कलते, सावकाश सरळ होते, तोवर पुढचं वळण आलेलं असतं. परतीला पूर्ण स्पोर्ट लावून पाहिला. झुलणं थांबलं, पण गिअर उगाच खालचा धरून ठेवला जाई आणि पाय जरा लागला की गाडी उसळे. आईची मान मागेपुढे. शेवटी इंडिव्हिज्युअल, म्हणजे प्रत्येक गोष्ट वेगवेगळी निवडता येते त्या मोडमध्ये जाऊन सस्पेन्शन स्पोर्ट, इंजिन आणि गिअरबॉक्स कम्फर्ट, स्टिअरिंग हलकं अशी जोडणी केली. पुढच्या खेपेला आई शहापूरपर्यंत झोपली होती. आता सप्तशृंगीला नांदुरीचा घाट चढतानाही हीच जोडणी असते. इको मी फक्त समृद्धीच्या सपाट पट्ट्यात लावतो, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आणि आता खर्चाची गोष्ट. मार्चमध्ये आठ दिवस कॉम्प्रेसरची घरघर नेहमीपेक्षा लांबत होती, मी दुर्लक्ष केलं. नवव्या दिवशी सकाळी पुढचं डावं चाक कमानीत बुडालेलं. सर्व्हिस सेंटरने सगळंच बदला म्हणून सांगितलं. मी नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका चाचांना बोलावलं. त्यांची हयात लक्झरी बसच्या फुग्यांत गेलीय, म्हणजे खऱ्या अर्थाने लक्झरीचे मेकॅनिक. त्यांनी साबणाचं पाणी मारलं, सायकलच्या ट्यूबला मारतात तसंच. रबराच्या घडीत बुडबुडे. “शेठ, फुगा गेलाय. अजून आठ दिवस चालवली असती तर कॉम्प्रेसरही गेला असता.”

पुढच्या बाजूला फुगा आणि डॅम्पर एकाच नगात येतात, त्यामुळे एका चाकाचे दीड लाखाच्या वर गेले. साधी स्प्रिंग बसवून मोकळे व्हा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमचं हवेचं सस्पेन्शन कितीतरी मालकांनी असंच काढून टाकलं होतं. मी नाही काढलं, कारण मग ओझ्याखाली सपाट राहणं गेलं, उंची गेली, आणि उरला नुसता लोगो.

टायरवाल्याकडे जॅक लावण्याआधी मेनूत जाऊन जॅक मोड चालू करायला विसरू नका, नाहीतर गाडी हवेत असतानाच स्वतःला सपाट करायला बघते. अलाइनमेंटही नेहमीच्या उंचीवरच करून घ्या.

उजवा फुगा अजून जुनाच आहे. रोज सकाळी टायर आणि कमानीतली फट बोटांनी मोजतो. दोन्हीकडे चार बोटं हवीत. परवा उजवीकडे साडेतीन भरली. घाबरून चाचांना फोन केला. ते म्हणाले, “शेठ, आधी गाडी सपाट जागेवर लावा, मग मोजा.”