नवा फ्लॅट की रीसेल: तपासणीत काय कळतं?

नव्या फ्लॅटमध्ये तपासायचा तो मुख्यतः कामाचा दर्जा. फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते का, बाथरूमचा उतार जाळीकडे आहे का, कार्पेट एरिया करारनाम्याइतका भरतो का. दोष निघालाच तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14(3) चा आधार आहे: ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला, मात्र ताब्याआधी बघाच.

जुन्या घराला असं कवच बहुधा उरलेलं नसतं. म्हणून तपासणीवर खरा खर्च रीसेलमध्येच करावा, असं माझं ठाम मत आहे. ताज्या रंगावर भुलू नका, ओल त्याखालीच लपवलेली असते. जमलं तर घर पावसाळ्यात बघा. बाहेरच्या भिंती आणि वरच्यांच्या बाथरूमखालचं छत मॉइश्चर मीटरने तपासून घ्या. बीमवर लांब भेगा किंवा उघडी, गंजलेली सळई दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. मुंबईत 30 वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. सोसायटीकडे तो अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा.