डोक्याला मार लागल्यावरची चक्कर आणि लातूरचं एक फिजिओ सेंटर : चार स्टार, पाचवा कामून कापला ते पण लिहिलंय

आधी निकाल सांगून टाकतो, चार स्टार. सेंटरचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण करणार आहे आणि लोकं तेवढ्याच वाचून भांडत बसतात. लातुरात चकरेवर काम करणारे फिजिओ कोण हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला विचारलं की कळतंय, मला पण तिथूनच चिठ्ठी मिळाली.

केस थोडक्यात अशी. मी मार्केट यार्डात आडत दुकानावर बसतो. पावसाळ्यात रेणापूरकडनं येताना मोटरसायकल घसरली, डोकं आपटलं, थोडा वेळ काहीच आठवत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. नॉर्मल म्हणल्यावर घरच्यांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण चक्कर काही हटेना. झोपेत कुशीवर वळलं की खोली गरगर, आणि दिवसभर उभं राहिलं की पाय कापसाच्या गंजीवर ठेवल्यासारखे. गंजगोलाईत तर जाऊच शकत नव्हतो, सोळा रस्ते, चारी बाजूला लटकवलेला माल, हलती माणसं, रिक्षा, दोन मिनिटात मळमळायचं.

त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे डोकं चालायचं बंद झालं. सौद्यात भाव पुकारलेला कानावर यायचा पण पेन टेकवेपर्यंत तो कोणाच्या ढिगाचा ते गेलेलं असायचं. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, लिहिताना वजन, भाव, हमाली, तोलाई ही सगळी वजाबाकी मी वर्षानुवर्षं तोंडी करत आलोय, आता तीच पट्टी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून तिसऱ्यांदा पोराला दाखवायची वेळ आली. समोर शेतकरी उभा, तो म्हणतोय "सावकार, काय झालं, जमंना का?" आता काय सांगायचं त्याला. बाहेरून माणूस धडधाकट दिसतोय ना, म्हणून कोणाला पटतच नाही.

सेंटरला येण्याआधी जे झालं ते पण लिहितो कारण बऱ्याच जणांचं तेच होतंय. एका दवाखान्यात चकरेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दर वेळी तीच चिठ्ठी पुढं चालू. त्या गोळ्यांनी मळमळ थांबायची पण दिवसभर झापड, म्हणजे आधीच सुन्न डोकं अजून सुन्न. नंतर एका पाहुण्यानं मान मोकळी करून देणाऱ्या माणसाकडं न्यायचा घाट घातला होता, बायको आडवी आली, "अहो, आधीच डोकं आपटलंय, वर मान कडाकडा मोडून घेऊ नका" म्हणून. इथं सेंटरच्या मॅडमनी नंतर सांगितलं की चक्कर दाबणारी गोळी सुरुवातीचे थोडे दिवस ठीक, पण लई दिवस घेतली तर मेंदूला तोल नव्यानं सांभाळायची सवय लागायला उशीर होतो. मात्र गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारून कमी करा, असं पण त्या लगेच म्हणाल्या.

आता मेन गोष्ट, तपासणी. पहिल्याच वेळेस जवळपास तासभर. आधी आडवं झोपवून बीपी, मग उभं करून बीपी (उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं पडला तर चक्कर त्याची पण असू शकते म्हणे), मान कुठं दुखते ते, डोळे बंद करून पाय जोडून उभं राहणं, एका रेषेवर टाचेला पंजा लावत चालणं. त्यात मी दारू प्यायल्यासारखा डावीकडं जायलो होतो. मग डोळ्यावर कॅमेरावाला गॉगल चढवला, आतून काळाकुट्ट, आणि तुमची बुबुळं बाहेर स्क्रीनवर दिसतात. मान ४५ अंश उजवीकडं वळवून मला झटकन मागं आडवं केलं, डोकं टेबलच्या खाली थोडं लोंबतं. पहिले काही सेकंद काहीच नाही, मी म्हणणार होतो की काय होत नाय, आणि तेवढ्यात छत फिरायला लागलं राव, मॅडमचा हात गच्च धरला. बायको स्क्रीनकडं बघत होती, तिला बुबुळं गोल झटके मारताना दिसली. तिच्या तोंडाकडं बघून कळलं की हे आता घरात कोणी "मनाचे खेळ" म्हणणार नाही. मला विचाराल तर फीचे निम्मे पैसे तिथंच वसूल.

कारण असं की कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, डोक्याला हिसका बसला की ते जागा सोडून बाजूच्या अर्धगोल नळीत जातात आणि कूस बदलली की तिथं लोळतात. त्याला गोळी नाही, डोकं एका ठराविक क्रमानं फिरवून ते खडे परत जागेवर सोडायचे, एप्ली म्हणतात त्याला. प्रत्येक अवस्थेत अर्धा-एक मिनिट थांबवतात. पहिल्या वेळेस कुशीवरची गरगर बरीच कमी झाली, नंतर परत आली, परत केलं, मग गेली. मार लागून झालेल्या केसमध्ये हे पुन्हा करावं लागतं हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळं फसवलं असं वाटलं नाही.

पण खडे बसले म्हणजे सगळं बसलं असं नाही. कापसावरचे पाय आणि गर्दीतली मळमळ तशीच होती. त्याच्यासाठी व्यायाम, आणि व्यायाम म्हणजे काय तर भिंतीवर "क" अक्षर चिकटवायचं, नजर त्याच्यावर आणि डोकं "नाही नाही" म्हणल्यासारखं हलवायचं, सुरुवातीला अर्धा मिनिट. ऐकायला पोरखेळ, पण पहिल्या आठवड्यात एवढ्यावरच घाम फुटायचा. मी म्हणलं, मॅडम ह्यानं तर चक्कर यायलीय, म्हणल्या, "दादा, थोडी आलीच पाहिजे, नाहीतर मेंदूला कळणार कसं काय दुरुस्त करायचं?" नियम असा दिला की त्रास दहापैकी दोन मार्कांपेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही आणि तासाभराच्या आत खाली आला पाहिजे. त्याच्यावर गेला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, बंद नाही करायचं. हे "बंद नाही करायचं" मला लई महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्याकडं डोक्याला लागलं की महिना महिना अंधाऱ्या खोलीत झोपवतात. त्यांच्या मते पहिले एक-दोन दिवस आराम आणि स्क्रीन कमी, मग हळूहळू चालणं सुरू. मला ट्रेडमिलवर चालवून नाडीच्या किती ठोक्यांना डोकं दुखायला लागतंय ते बघितलं आणि त्याच्या खालीच राहून रोज चालायला सांगितलं.

एक गोष्ट डोळ्यानं बघितलेली सांगतो. एक म्हातारे बाबा आले होते, बाथरूममध्ये पडून बरेच दिवस झालेले, रक्त पातळ करायची गोळी चालू, डोकेदुखी वाढतच चाललेली आणि दिवसा सारखे पेंगायलेले. पोरगा म्हणायला व्यायाम द्या. मॅडमनी हात पण लावला नाही, आधी सीटी करून या म्हणून तिथून परत पाठवलं. म्हाताऱ्या माणसात मेंदूच्या वरच्या बाजूला रक्त काही आठवड्यांनी पण साठू शकतं म्हणे. मिळणारी फी सोडून पेशंट परत पाठवतात हे बघून माझा विश्वास बसला. उलट्या थांबत नसतील, फिट आली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, बोलणं अडखळायलं तर फिजिओ शोधत बसू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा.

आता पाचवा स्टार. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पेशंट कोण तर चकरेचे! वेटिंगच्या खोलीत काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या फरशा, बघूनच गरगरतं, कोपऱ्यात टीव्हीवर बातम्यांचा कल्ला. मी दोनदा सांगून पण टीव्ही बंद झाला नाही, काउंटरवरच्या पोराला मॅच बघायची असते. अपॉइंटमेंट ११ ची म्हणजे साडेबारा धरा. लाइट गेली की ट्रेडमिल बंद, इन्व्हर्टरवर ती चालत नाही. व्यायामाचा छापील कागद नुसता इंग्रजीत, माझ्या शेजारी निलंग्याकडच्या एक मावशी तो उलटा धरून बसल्या होत्या, शेवटी मॅडमनी मागच्या बाजूला पेननं चित्रं काढून दिली. अहो मग तेच छापा ना!

आणि डोकं सुन्न असण्यावर सेंटर तोकडं पडतंय हे पण खरं. झोप वेळेवर, एका वेळी एकच काम, वीस मिनिटं आकडेमोड मग पाच मिनिटं डोळे मिटून, एवढं सांगितलं आणि ते कामाला पण आलं, पण स्मरणशक्ती-लक्ष ह्याची नीट चाचणी तिथं होत नाही, त्यासाठी न्यूरोच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहून दिली. चक्कर आधी कमी होते, डोकं त्याच्या मागून रमतगमत येतं, निदान माझ्या बाबतीत तरी. आता सोयाबीनची आवक सुरू असताना सकाळच्या पट्ट्या मी स्वतः लिहितोय, दुपारनंतरच्या पोरगा.

पहिल्या तपासणीचे हजाराच्या आतबाहेर, पुढच्या वेळेचे बरेच कमी. शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा, टीव्ही तेव्हा बंद असतो. जुना सीटी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, पोटभर जेवून जाऊ नका, आणि येताना गाडी चालवायला घरचं कोणीतरी पाहिजे, एप्ली झाल्यावर त्या दिवशी तुम्ही काही हँडल धरू शकत नाही.