सव्वा महिन्याची मालीश: रत्नागिरीजवळच्या एका सेवेचा अनुभव

रत्नागिरीहून पावसच्या दिशेने निघाले की वाटेतल्या गावांमध्ये बाळंतिणीला तेल लावून शेकणाऱ्या आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायका अजूनही मिळतात; मात्र पूर्वीसारख्या वाडीवाडीत मिळत नाहीत, आणि चांगली बाई हवी असेल तर सहाव्या-सातव्या महिन्यातच शब्द टाकून ठेवावा लागतो. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली तेव्हा आमच्या गावच्या आशाताईंनी (सरकारी आरोग्यसेवेतल्या ‘आशा’ कार्यकर्तीने) अशाच एका मावशींचे नाव सुचवले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेकीला मुलगी झाली, सहाव्या दिवशी मावशी आल्या आणि चाळीस दिवसांनी त्यांचे काम संपले. आपले नाव चारचौघांत छापले जावे अशी त्यांची इच्छा नाही, म्हणून ते देत नाही. त्यांच्या सेवेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण बाई ठरवताना नेमके काय विचारावे हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

आधी व्यवहार सांगते. फक्त बाळाचे तेल आणि अंघोळ असेल तर दिवसाचे २५० रुपये आणि आई-बाळ दोघांचे असेल तर ४५० रुपये, असा त्यांचा दर होता. सकाळी आठच्या सुमारास त्या येत आणि दीड-पावणेदोन तास थांबत. लेकीला टाके होते, त्यामुळे पहिले चार दिवस त्यांनी फक्त बाळाचे केले आणि तेवढेच पैसे घेतले. लावणीच्या दिवसांत त्यांचे स्वतःचे शेत असल्याने चार खाडे झाले, त्या दिवसांचे पैसे त्यांनी मागितले नाहीत. एकूण १५,४०० रुपये झाले, आणि शेवटच्या दिवशी आम्ही साडी देऊन त्यांची ओटी भरली. तेल, डाळीचे पीठ, पाणी तापवण्यासाठी नारळाची सोडणे (वाळलेली साले) आणि करवंट्या हे सारे आमच्याकडचे होते. तेल म्हणजे घरच्या नारळांचे दूध आटवून काढलेले खोबरेल. बाजारातले सुगंधी तेल त्यांनी वास घेऊनच बाजूला ठेवायला सांगितले.

पहिल्याच दिवशी पडवीत बसून त्यांनी मला तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. खोलीत शेगडी पेटवणार नाही, बाळाला धुरी देणार नाही आणि गुटी उगाळणार नाही. मी मनातून थोडी खट्टू झाले. शेक-शेगडीशिवाय बाळंतपण म्हणजे काय, असे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी लगेच बोलूनही दाखवले. पण बंद खोलीत शेगडी धोक्याची असते, हे मावशींनी सांगितलेले कारण ऐकून मला माझेच बाळंतपण आठवले.

मीही पावसाळ्यातच बाळंत झाले होते. वारा लागू नये म्हणून माजघरालगतच्या खोलीची खिडकी फळी लावून बंद केलेली होती, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून दिवसातून दोनदा धुरी होत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझे डोके विलक्षण दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, आणि सर्वांनी मिळून ते बाधल्याचे लक्षण ठरवले. न्हाणीघरात गेले की मला बरे वाटे आणि खोलीत परतले की पुन्हा डोके धरे, हे तेव्हा कोणाच्याही, अगदी माझ्याही, ध्यानात आले नाही. बंद खोलीत कोळसा किंवा करवंटी जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत, आणि पुढे झोपेतच जीव जाऊ शकतो. कोकणातल्या पावसात दारे-खिडक्या बंद ठेवण्याकडे आपला कल असतो, म्हणून हा धोका आपल्याकडे अधिक आहे. धुरीने तान्ह्याच्या फुप्फुसांना होणारा त्रास तर वेगळाच.

शेक मावशींनी बंद केला नाही, त्याची जागा बदलली. शेगडी उघड्या पडवीत ठेवली, तिच्यावर वेताची टोपली उपडी घालून दुपटी आणि लंगोट तिथे वाळवले. सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा ही सोय किती मोलाची असते, हे इथल्या घरांना सांगायला नको. लेकीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दिली, आणि टाक्यांसाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्याच्या टबात बसण्याचा शेक चालू ठेवला.

बाळाच्या बाबतीत त्यांचा हात पाहण्यासारखा होता. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळ नडगीवर पालथे घ्यायचे, कोपराने पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि मगच ओंजळीने पाणी सोडायचे. नाळ पडेपर्यंत त्यांनी अंघोळ घातलीच नाही, ओल्या मऊ फडक्याने अंग पुसून घेतले. नाळेला तेल, हळद, राख असे काहीही लावू दिले नाही, ती कोरडी ठेवली आणि ती नवव्या दिवशी आपोआप पडली. टाळूवर तेल हलक्या बोटांनी फिरवले, दाबले नाही. पुढची टाळू भरून यायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते आणि ती दाबून किंवा तेल मुरवून लवकर भरत नाही, हे त्यांनी माझ्या जाऊबाईंना शांतपणे समजावले. कानात आणि नाकात तेलाचा थेंब सोडायला त्या अजिबात तयार नव्हत्या, कारण नाकातले तेल श्वासनलिकेत गेले तर बाळाला न्यूमोनिया होऊ शकतो.

जन्मानंतर काही दिवसांनी बाळाची छाती थोडी सुजल्यासारखी दिसली. आईच्या शरीरातील संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, नवजात बाळांमध्ये हे अनेकदा होते आणि काही आठवड्यांत आपोआप उतरते. शेजारच्या एका आजींनी ते ‘दूध’ पिळून काढण्याचा आग्रह धरला तेव्हा मावशींनी बाळ चटकन दुपट्यात गुंडाळून लेकीच्या मांडीवर दिले. तसे पिळल्याने तिथे जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते, आणि त्यांनी तसे एक बाळ पाहिलेले होते.

या सेवेबद्दल माझे मत पक्के झाले ते तिसऱ्या आठवड्यात. एका सकाळी लेक म्हणाली की डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखे दुखते आहे, जरा जोरात चोळा. मावशींनी दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. डावी पोटरी किंचित सुजलेली होती आणि हाताला गरम लागत होती. “बाय, या पायाला आज मी हात लावनार नाय. आदी डाक्टरला दाखव,” असे म्हणून त्यांनी तेलाची वाटी झाकून ठेवली. मला तेव्हा हे फार वाटले. बाहेर पाऊस मुसळधार होता, रत्नागिरीला जाण्यासाठी रिक्षा मिळवणे सोपे नव्हते आणि तान्हे बाळ बरोबर न्यायचे होते. तरी गेलो. डॉक्टरांनी पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली आणि शिरेत गाठ नाही, स्नायूची रग आहे, असे निदान केले. मात्र त्यांनी हेही सांगितले की बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, आणि अशी गुठळी असताना पाय चोळला तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाच पायाला सूज, ऊब आणि दुखणे ही खूण दिसली की मालीश थांबवायची. गुठळी निघाली नाही म्हणून त्या दिवशीची धावपळ वाया गेली, असे मला एकदाही वाटले नाही. आपल्या रोजच्या कमाईच्या कामाला ‘आज नको’ म्हणणारी बाई मला मिळाली, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पोटाच्या मालीशीबाबतही त्या अशाच सावध होत्या. पहिले काही दिवस फक्त पाठ, खांदे, हात आणि पाय. सिझेरियन झालेल्या बाईकडे डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत पोटाला हात लावत नाही, हा त्यांचा नेम आहे. पोट घट्ट बांधल्याने ते आत जाते, असे मात्र त्या अजून मानतात. लेकीने सैलसर पट्टा काही दिवस बांधला आणि गैरसोय वाटल्यावर सोडला. त्यावर त्यांनी वाद घातला नाही.

आता उणिवा. चौथ्या आठवड्यात बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून त्यांनी साय घालून मळलेल्या डाळीच्या पिठाची गोळी बाळाच्या पाठीवर आणि मानेवर फिरवली. दुसऱ्या दिवशी मानेच्या घडीत लाल पुरळ उठले. ही लव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप गळते, ती काढण्यासाठी काही करण्याची गरज नसते. मी सांगताच त्यांनी ते थांबवले आणि पुरळ चार दिवसांत गेले, पण ते व्हायलाच नको होते. वेळेचाही त्रास झाला. एसटी चुकली की नऊ-साडेनऊ वाजत, तोवर बाळ भुकेने रडून थकलेले असे आणि मग अंघोळ त्याला सोसत नसे. फोन करून कळवण्याची सवय त्यांना लावावी लागली.

आहाराबद्दलचा त्यांचा सल्ला अर्धा घेण्यासारखा होता. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, मेथी, शेपूची भाजी हे त्यांनी सुचवले आणि लेकीला ते मानवले. फळे मात्र थंड म्हणून बंद ठेवायला सांगितली; ते आम्ही मानले नाही, कारण टाक्यांच्या दिवसांत पोट साफ राहणे फार महत्त्वाचे असते. मोरी या माशाबद्दल थोडे अधिक लिहिते. आपल्या किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालण्याची जुनी चाल आहे. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठल्यावर मावशींनी स्वतः चांगली मोरी आणून देण्याची तयारी दाखवली. मोरी म्हणजे शार्क. दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या अशा मोठ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ती टाळावी असा वैद्यकीय सल्ला आहे. बांगडा, तारली, मांदेली यांसारख्या लहान माशांत पारा कमी असतो आणि पोषण भरपूर असते. मी बांगड्यांचे नाव काढले तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या, पण दुसऱ्या दिवशी ताजे बांगडे घेऊन आल्या.

बाळाचे वजन मालीशीने वाढले का, असे मला अनेकींनी विचारले. जन्मतः वजन २ किलो ८०० ग्रॅम होते, सातव्या दिवशी ते २ किलो ६५० ग्रॅमवर आले आणि चौदाव्या दिवशी पुन्हा २ किलो ८२० ग्रॅम झाले. पहिल्या आठवड्यात थोडी घट होणे नेहमीचे असते. अठ्ठाविसाव्या दिवशी ३ किलो २५० ग्रॅम भरले. ही वाढ अंगावरच्या दुधाची आहे, आणि पहिले सहा महिने त्याखेरीज पाणी, मध, गुटी काहीही द्यायचे नाही. मालीशीने बाळाला गाढ झोप लागे आणि लेकीची पाठ मोकळी होई. एवढे श्रेय मी मालीशीला देते आणि ते मला थोडे वाटत नाही. ‘कोवळे ऊन दाखवा’ हा मावशींचा सल्ला आमच्या आषाढ-श्रावणात पाळणे अशक्यच होते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिटचे थेंब आम्ही चालू ठेवले.

आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी झाल्या. ही भेटींची सेवा सरकारी असून मोफत आहे. त्या आल्या की वजन करीत, बाळाचा ताप पाहत आणि दूध ओढण्याची रीत तपासत. मावशी आणि आशाताई एकमेकींना ओळखत असल्याने एकीचे सांगणे दुसरी खोडत नव्हती, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोधही त्यामुळे बराच निवळला.

एक गोष्ट पैशांत मोजता येणार नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून लेक कारण नसताना रडत असे. घरात इतकी माणसे असूनही ते सर्वांत आधी मावशींच्या लक्षात आले, कारण अंगाला तेल लागत असताना तिचे डोळे भरून येत. हे रडू बहुतेक बायकांचे दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही ते टिकले, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना, बाळाबद्दल काही वाटेनासे झाले, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. मावशींनी मला बाजूला घेऊन तारीख लक्षात ठेवायला सांगितले. बाराव्या दिवसानंतर लेक सावरली. जावईबापू शनिवार-रविवारी येत, तेव्हा शेवटच्या दोन आठवड्यांत मावशींनी त्यांना पाटावर बसवून बाळ पायांवर कसे घ्यायचे ते शिकवले. घरात त्यावर कुजबूज झाली, पण पुण्याला परतल्यावर सकाळची अंघोळ तेच घालतात आणि लेकीला तेवढा तासभर झोपायला मिळतो.

माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या सुनेचे दिवस मार्गशीर्षात भरतील. तिच्यासाठी मी मावशींना आत्ताच विचारून ठेवले आहे. डाळीचे पीठ नको आणि उशीर होणार असेल तर आधी फोन, या दोन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत.