हातकागद सांगून मशीनचा कागद पाठवला, लग्नपत्रिका बनवणाऱ्यांनी वाचा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पत्रिकेच्या ऑर्डरी सुरू होतात आणि त्याच टायमाला हे कागदवाले इन्स्टावर जागे होतात. हाताने पत्रिका बनवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून राहिले, कारण आम्हाला ज्याने फसवलं त्याचं दुकान अजून चालूच आहे.

आम्ही दोघी जावा, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. छापील पत्रिका यवतमाळला स्वस्तात मिळते, तिच्याशी आमचं भांडण नाही, आमच्याकडे ते लोक येतात ज्यांना घरचं काहीतरी पत्रिकेत पाहिजे असतं. यावेळी दिग्रसकडचे एक गुरुजी आले, मुलीचं लग्न. नवरीच्या आजीचं जुनं लुगडं घेऊन आले, म्हणाले ताई, याचा काठ कापून प्रत्येक पत्रिकेवर एक पट्टी लावा, आणि पाहुण्यांची नावं मी स्वतः बोरूने लिहीन. गुरुजींचं अक्षर एवढं सुंदर की प्रेसवाल्याने मशीन बंद करावी.

अशा कामाला साधा कागद चालत नाही. खरा कॉटनचा हातकागद होजिअरीच्या चिंध्यांपासून करतात, लगदा साच्यावर हाताने उचलतात, त्यामुळे त्याचे धागे सगळीकडे सारखे पसरतात. घडी घातली तरी फाटत नाही, खळ सोसतो, नीट सायझिंग केलेला, म्हणजे शाई शोषू नये म्हणून लेप दिलेला असला तर शाई फुटत नाही. (१९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ आपल्या वर्ध्यातच सुरू झाला, मगनवाडीत हातकागदाचं काम चालायचं, आणि आज कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातून आम्ही कागद राजस्थानातून मागवतो, काय बोलायचं आता.)

तर हा इन्स्टावरचा कागदवाला म्हणाला आपण सांगानेरचे. जयपूरजवळचं सांगानेर हातकागदासाठी खरंच नावाजलेलं आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या हे काम करणारे कागजी लोक आहेत, म्हणून नाव ऐकूनच भरवसा बसतो आणि त्याला तेच पाहिजे असतं. सॅम्पल पाठवले, एकदम अस्सल. चारही कडा पातळ होत गेलेल्या, कुठूनही फाडा सारखाच फाटे. मग ३०० जीएसएमचे (म्हणजे एक चौरस मीटर कागद ३०० ग्रॅम भरतो असे) ए-फोर ४०० कागद, २२ रुपये नग, ८,८०० रुपये ठरले, अर्धे आधी आणि अर्धे माल निघताना. दीदी, टेन्शन मत लो, असं दर दोन वाक्यांमागे म्हणे.

पार्सल दारव्ह्याहून आणलं. वरचे दहा-बारा कागद सॅम्पलसारखेच होते, खालचे हाताला जाडच लागत होते, कडाही खरबरीत. जावेने काठाची पहिली पट्टी खळ लावून चिकटवली आणि पाहता पाहता कागद भुंगळीसारखा वळला. दुसरा लावला, तोही त्याच बाजूला वळला. म्हणाली, "ताई, हे काऊन असं वयून रायलं व? सॅम्पलवाला तर नव्हता वयला." तिथेच समजलं. मशीनच्या कागदात धागे एका दिशेला लोळलेले असतात, ओला झाला की तो एकाच बाजूला वळतो, आणि उभा सरळ फाटतो, आडवा वाकडातिकडा. हातकागदाला अशी दिशाच नसते. कडा पाहिल्या तर फूटपट्टी धरून फाडलेल्या, एकदम तुटलेल्या, खऱ्या साच्याच्या कडेसारख्या पातळ होत गेलेल्या नाहीत.

मग किराणा दुकानाच्या काट्यावर नेले. हा हिशोब लिहूनच ठेवा: एक चौरस मीटरमध्ये ए-फोरचे १६ कागद बसतात, म्हणजे ३०० जीएसएमचा एक कागद पावणेएकोणीस ग्रॅम, शंभर कागद पावणेदोन किलोच्या थोडे वर, चारशे म्हणजे साडेसात किलो. आमचे भरले चार किलोही नाही. फुगवलेला कागद बोटाला जाड लागतो पण काट्याला फसवता येत नाही. हातकागदात थोडं कमीजास्त चालतं, पण अर्ध्यावर येणं म्हणजे सरळ चोरी.

फोन केला तर आधी म्हणे दमट हवेमुळे वळतं. आमच्याकडे हिवाळ्यात दमट हवा! वजनाचं सांगितलं तर गप्प, मग ब्लॉक. बिलावरचा जीएसटी नंबर जावेच्या पोराने पोर्टलवर टाकून पाहिला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, राजस्थानचा ०८ पाहिजे, याचा निघाला ०७ म्हणजे दिल्ली, आणि नाव तिसऱ्याच कुठल्या दुकानाचं. पैसे पाठवायच्या आधी दोन मिनिटात दिसणारी गोष्ट आहे ही.

आणि पुढचं ऐका. दोन-चार दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून एक "मॅनेजर", आवाज एकदम नम्र, तुमचे पैसे परत करतो, क्यूआर पाठवला आहे, स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो, जावेने त्याला अशा वऱ्हाडीत झापला की त्याला एक शब्द समजला नसेल पण अर्थ पूर्ण समजला असेल.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यासाठी पेमेंटचा बारा आकडी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, चॅट डिलीट करू नका. ग्राहक आयोगाचं पण पाहून राहिलो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार चालत नाही असं लोक सांगतात, पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल ग्राहकातच धरला आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. म्हणजे जयपूर-दिल्ली नाही, यवतमाळ.

गुरुजींच्या पत्रिका पुण्याहून कागद मागवून केल्या, आमचा नफा त्यातच गेला. पैसे अजून आले नाहीत. त्या माणसाचं पेज आता नवीन नावाने सुरू आहे, फोटो तोच, पितळेच्या समईशेजारी गुलाबी पत्रिका ठेवलेला. तुम्हाला असं पेज दिसलं तर पैशाआधी शंभर कागदांचा काट्यावरचा व्हिडिओ मागा, आमच्या ओळखीच्या एकीने मागितला तर तिलाही ब्लॉकच केलं.