वाइनचे तयार किट की द्राक्षांचा ताजा रस?

सिंदखेडराजा तालुक्यातल्या आमच्या गावाला जालना जिल्ह्यातले कडवंची हे द्राक्षांचे गाव जवळ पडते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये आदल्या दिवशी तोडलेली द्राक्षे सहज मिळतात. ऑनलाइन मागवलेले साडेचार लिटरचे परदेशी किट आणि या द्राक्षांचा रस यांपासून केलेल्या वाइनची तुलना म्हणूनच शक्य झाली. ही चाचणी वाइननिर्मितीचा रीतसर परवाना असलेल्या एका स्नेह्यांच्या फळप्रक्रिया केंद्रात केली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि आपल्याकडच्या वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

किटच्या खोक्यात आटवलेल्या द्राक्षरसाची पिशवी, यीस्टची पुडी, गाळ खाली बसवणारी बेंटोनाइटची माती, रस काळवंडू नये व जंतू वाढू नयेत म्हणून घालायचे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि वाइन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून घालायचे पोटॅशियम सॉर्बेट असे सगळे मोजून दिलेले असते. रसात पाणी मिसळले की साखर व आंबटपणा ठरल्याप्रमाणे जुळतो आणि सूचना पाळल्यास चार ते सहा आठवड्यांत स्वच्छ, पिण्याजोगी वाइन तयार होते. नवख्या माणसाला हा मोठाच आधार आहे. मात्र रस आटवताना द्राक्षांचा नाजूक सुगंध बराचसा उडून जातो आणि वाइनला मनुकांसारखी, थोडी शिजलेली चव येते. आमच्या वाट्याला आलेल्या पिशवीतला रस तर पांढऱ्या वाइनचा असूनही गडद तपकिरी निघाला. आटवलेला रस उष्णतेत राहिला की काळवंडतो. विक्रेत्याकडे तक्रार केली, परंतु समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

ताज्या रसाचे काम अधिक कष्टाचे आहे आणि त्याची सुरुवात द्राक्षांच्या निवडीपासून होते. आपल्याकडे मिळणारे थॉमसन सीडलेस हे खाण्याचे वाण आहे. मणी फुगावेत म्हणून त्यावर जिबरेलिक आम्लाची फवारणी केलेली असते, त्यामुळे टपोऱ्या मण्यांचा रस पातळ लागतो. आम्ही मुद्दाम लहान मण्यांचे, पिवळसर झाक आलेले घड निवडले, देठ काढून टाकले, मणी दोनदा धुऊन हातांनीच चिरडले. दहा किलो द्राक्षांपासून साधारण सहा लिटर रस मिळाला. ताजा रस हवा लागताच तपकिरी होऊ लागतो. तो लगेच मेटाबायसल्फाइट घालून रात्रभर थंड जागी ठेवला, तेव्हा सकाळी खाली जाड गाळ बसला होता आणि वर फिकट हिरवट रस उरला होता.

त्यानंतर मोजमाप आले. रसात साखर सुमारे 18 टक्के असेल तर अल्कोहोल जेमतेम 10 टक्क्यांपर्यंत जाते. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेने अल्कोहोल एक टक्का वाढते, हा हिशेब धरून आम्ही लिटरमागे 35 ग्रॅम साखर वाढवली. पूर्ण पिकलेल्या थॉमसनमध्ये आंबटपणा कमी पडतो आणि मग वाइन मिळमिळीत लागते, शिवाय लवकर बिघडते. म्हणून थोडे टार्टारिक आम्लही मिसळले. हे सारे रसातली साखर मोजणारा हायड्रोमीटर आणि आम्लता मोजण्याच्या साधनाशिवाय करू नये. अंदाजावर काम करणाऱ्यांची वाइन बहुतेक वेळा सिरक्याच्या वाटेने जाते.

विदर्भात खरी अडचण आहे ती तापमानाची. पांढरी वाइन 15 ते 20 अंशांवर सावकाश आंबली तरच सुगंध टिकतो, आणि आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता दुपारचा पारा 35 अंशांकडे झुकतो. ओले गोणपाट गुंडाळलेली बरणी परातभर पाण्यात उभी करून कूलरच्या वाऱ्यावर ठेवली, तेव्हा रस 22 अंशांच्या आसपास राहिला. आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण बाहेरची हवा आत येऊ न देणाऱ्या एअरलॉकमधले, म्हणजे बरणीच्या झाकणावरच्या नळीतले, बुडबुडे मंदावेपर्यंत परातीतले पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे लागले. हा उपाय किटलाही तितकाच लागू आहे, कारण किटमधल्या सूचना थंड देशातले घर गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

चवीत ताज्या रसाची वाइन निःसंशय सरस ठरली. ती किटच्या वाइनइतकी लवकर निवळली नाही, पहिले दोन महिने तिला यीस्टचा वास होता, पण पावसाळ्याच्या तोंडाला बाटली उघडली तेव्हा हिरव्या द्राक्षाचा स्वच्छ गंध आणि जिभेवर रेंगाळणारा हलका आंबटपणा तिच्यात होता. किटची वाइन पहिल्या दिवशी जशी होती तशीच राहिली. खर्चाचा विचार केला तरी हंगामातली द्राक्षे किटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडली.

परवानाधारक प्रक्रियादारांनी, विशेषतः बुलढाण्यासारख्या द्राक्षपट्ट्याला लागून असलेल्या भागात, संपूर्ण किटवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. वाइनचे यीस्ट, एअरलॉक, हायड्रोमीटर आणि बेंटोनाइट या वस्तू सुट्या विकत घ्याव्यात आणि रस बागेतला वापरावा. ज्यांना द्राक्षांच्या हंगामाबाहेर प्रशिक्षण द्यायचे आहे त्यांच्यासाठी किट उपयोगी आहे. रस वाटेत तापून काळवंडू नये म्हणून ते नोव्हेंबर ते जानेवारी या काळातच मागवावे आणि पिशवीवरची उत्पादनाची तारीख पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.