ओट्यावरचं वचन-कॅलेंडर: घ्यावं का? हो, घ्या

आधी निकालच सांगते. रोजच्या बायबल-वचनाचं टेबल कॅलेंडर आता मराठीत मिळतंय, मी ते गोव्यात म्हापशाच्या बाजारातून घेतलं आणि माझ्याकडून त्याला पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगतेच.

वस्तू अशी आहे की जाड पुठ्ठ्यावर उभं राहणारं, वर तारेच्या रिंगा असलेलं कॅलेंडर, ३६६ पानं, वार कुठेच छापलेला नाही नुसती तारीख आणि महिना, त्यामुळे २९ फेब्रुवारीचं पण पान आहे आणि वर्ष संपलं की परत पहिल्यापासून सुरू करायचं, दरवर्षी नवीन घ्यायची गरज नाही. प्रत्येक पानावर बायबलमधला एक संदर्भ, त्याखाली चार-पाच ओळींचं मनन आणि सगळ्यात खाली "आज" असं जाड अक्षरात लिहून एक बारीकसं काम. मला विचाराल तर सगळी कमाई त्या "आज" मध्ये आहे. कारण मनन वाचून बरं वाटतं हो, पण दहा मिनिटांत कुकर लागतो, दारात पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवतो, पोराचा एक सॉक्स सापडत नसतो आणि सकाळी वाचलेलं सगळं हवेत जातं. इथे मात्र लिहिलेलं असतं की रागात टाईप केलेला मेसेज जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाठवू नकोस, किंवा ज्याचा फोन टाळतोयस त्याला आज कर, किंवा आज रात्री लवकर झोप. एवढंच. आणि एवढं जमतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे हसतं-खेळतं आहे. मननाची पुस्तकं आपल्याकडे बहुतेक गंभीर चेहऱ्याची, पण हे ज्याने कोणी लिहिलंय त्याला बायबल नीट माहितीय आणि त्यात हसायला किती आहे हेही माहितीय. उदाहरण सांगते. प्रेषितांची कृत्ये २० व्या अध्यायातला तो युतुख नावाचा तरुण, प्रेषित पौल त्रोवस गावी मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर दिव्यांची गर्दी, हा खिडकीत बसलेला, झोप लागली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तर मेलेला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, म्हणाला घाबरू नका याच्यात जीव आहे, आणि मग वर जाऊन भाकर मोडली, खाल्ली आणि परत पहाटेपर्यंत बोलला. कॅलेंडरवालं मनन असं की उपासनेत डोळा लागणाऱ्यांना देव टाकून देत नाही, खाली उतरून उचलतो. आणि खाली "आज": कोणाची तरी झोप पुरी होऊ दे, त्याचं एक काम तू कर. मी हे पान आमच्या पाळकसाहेबांना दाखवलं तर ते खूप हसले आणि पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच हा प्रसंग उपासनेत घेतला.

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातली तर धमालच आहे. २७ वा अध्याय, १४ वं वचन, जो भल्या पहाटे उठून मोठमोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देतो त्याचा आशीर्वाद शापच समजला जातो, अशा अर्थाचं. आता आमच्या फॅमिली ग्रुपवर पहाटे पाचला फुलांचे फोटो आणि वचनं सुरू होतात, मनापासूनच पाठवतात बिचारे, तर त्या पानाखालचं "आज" होतं की वचन पाठवायचंय ना, मग आठनंतर पाठव आणि नाव घेऊन एकालाच पाठव. मी तसं केलं, कारवारच्या मावशीला एकटीला पाठवलं, तिचा लगेच फोन आला आणि आम्ही कितीतरी वेळ बोललो. ग्रुपवर तिने कधी अंगठा पण दाखवला नव्हता.

पण ज्या पानासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते एलीया संदेष्ट्याचं. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळालेला, आणि लगेच ईजबेल राणीची धमकी येते, हा माणूस जीव घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो पुरे झालं, आता माझा प्राण घे. आपण काय केलं असतं? उपदेश केला असता. विश्वास ठेव, रडू नकोस, बघ कालच केवढा चमत्कार झाला. देवाने काय केलं तर त्याला झोपू दिलं. मग दूत आला, हात लावून उठवलं, म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी. खाल्लं, प्यायला, परत झोपला. दूत परत आला, परत म्हणाला ऊठ, खा, वाट लांबची आहे. एक शब्द रागाचा नाही. मनन फक्त तीन ओळींचं आहे, देवाने थकलेल्या माणसाला आधी जेवण दिलं आणि काम नंतर सांगितलं असं. "आज": वेळेवर जेव.

माझी नोकरी पणजीत, घर म्हापशात, रोज पर्वरीच्या ट्रॅफिकमधून येऊन-जाऊन जीव शिणतो, मार्चएंडला तर ऑफिसमध्ये डबा तसाच परत यायचा. हे पान आल्यापासून माझ्या टेबलाशेजारच्या ताईंनी (त्या हिंदू आहेत, कॅलेंडर बघायला मी ऑफिसात पण नेलं होतं) एक वाजला की मला हाक मारायला सुरुवात केली, "ऊठ गं, खा!" आता सगळं सेक्शन एकमेकांना तेच म्हणतं. देवदूताचं वाक्य आमच्या ऑफिसात रोज म्हटलं जातं याचा मला फार आनंद होतो.

योहान २१ चं पान पण गोव्यातल्या माणसाला वेगळंच भिडेल. येशूच्या शिष्यांना रात्रभर जाळी टाकून काही नाही, सकाळी किनाऱ्यावरून एकजण सांगतो उजवीकडे टाका, आणि १५३ मोठे मासे, जाळं फाटलं नाही. सगळे मासळीच्या आकड्याबद्दल बोलतात, कॅलेंडर मात्र कोळशाच्या विस्तवाबद्दल बोलतं, की पुनरुत्थान झालेल्या प्रभू येशूने आधी त्यांच्यासाठी मासे आणि भाकर तयार ठेवली आणि म्हणाला या, न्याहारी करा. ज्या पेत्र नावाच्या शिष्याने त्याला ओळखत नाही म्हणून तीन वेळा नाकारलं त्यालाही आधी खायला घातलं आणि विचारायचं ते नंतर विचारलं. माझ्या नवऱ्याने हे वाचलं आणि त्या रविवारी बांगडे स्वतः साफ करून भाजले, "आज" मध्ये तेच होतं, ज्याच्याशी बिनसलंय त्याला जेवायला बोलाव. त्याने भावाला बोलावलं. जागेच्या कागदांवरून दोघांचं बोलणं बंद होतं. कागदांचा प्रश्न अजून सुटलेला नाही पण भाऊ आता येतो-जातो.

तारखा पण विचार करून बसवल्यात असं दिसतं, निदान आपल्या भागाची माहिती असलेल्या कोणीतरी हात फिरवलाय. मे महिन्यात म्हापशाला पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी चालते, सुकी मासळी, मिरची, कांद्याच्या माळा, सोलं, आणि त्याच दिवसांत नीतिसूत्रे ६ ची मुंगी येते जी उन्हाळ्यात आपलं अन्न साठवते, तिच्याकडे जा आणि शीक. मग जून-जुलैमध्ये मोठ्या बोटींची मासेमारी बंद, तेव्हा मत्तय ६, उद्याची चिंता करू नका. या दोन्हींमध्ये भांडण नाही हे मला ती पानं पाठोपाठ वाचून कळलं, मुंगी चिंता करत नाही, ती काम करते. २४ जूनला सांजावच्या, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या दिवशी लूक १, अलीशिबेच्या पोटात बाळ योहानाने आनंदाने उडी मारली तो प्रसंग. त्या सणाला विहिरीत उड्या मारणाऱ्यांना विचारा यामागची गोष्ट काय, अनेकांना नुसती मजा माहिती असते, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून भिजायचं एवढंच. माझ्या मुलाने त्या दिवशी हे पान मोठ्याने वाचलं आणि मग उडी मारली.

त्याच मुलाची गोष्ट अजून एक. बारावीनंतर काय करायचं यावर घरात महिनाभर नुसत्या चर्चा, हा कोर्स की तो, अमक्याचा काय अनुभव, थांबून बघूया, पुढच्या वर्षी स्कोप राहील का. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकातलं ११:४ आलं, जो वारा पाहत बसतो तो पेरणी करत नाही, ढगांकडे बघत बसणारा कापणी करत नाही. "आज": जे ठरवायचं राहिलंय त्यातलं पहिलं पाऊल टाक, बाकीची नंतर दिसतील. त्याने त्या संध्याकाळी फॉर्म भरला. मी काही म्हटलं नाही, पानच ओट्यावर उघडं होतं.

आता अर्धा स्टार. पहिलं, रिंगा. गोव्याच्या पावसाळ्यात साध्या तारेला गंज चढतोच, जुलैपर्यंत पानं उलटताना अडकायला लागली आणि काठावर तांबूस डाग आले. प्लास्टिकच्या रिंगा घातल्या तर प्रश्न मिटेल. संदर्भाची अक्षरं फार बारीक आहेत, आमच्या सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येत नाहीत, मनन वाचता येतं पण अध्याय-वचन मला सांगावं लागतं. ईस्टर दरवर्षी तारीख बदलतो त्यामुळे त्याआधीच्या उपवासकाळाची पानं कुठेच नाहीत, आठ-दहा सुटी पानं मागे जोडली असती तर बरं झालं असतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ऑक्टोबरमधली काही पानं मला पटली नाहीत. हस, देव सगळं ठीक करील, रडणं सोड, अशा धर्तीची. ज्याच्या घरात नुकतं कोणी गेलंय, किंवा ज्याचं मनच आजारी आहे आणि औषध चालू आहे, त्याच्या ओट्यावर असं पान उघडं असू नये असं मला वाटतं. बायबल स्वतः असं करत नाही. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ पण नाही, आणि तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र पुढे कितीही चुकीचं बोलले तरी आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढं त्यांनी बरोबर केलं. नोव्हेंबरमध्ये, मृतांची आठवण करतात त्या दिवसांत, हेच ईयोबाचं पान येतं आणि खाली लिहिलंय, आज कोणाकडे तरी जा आणि सल्ला देऊ नकोस. इतकं सुंदर पान ज्याने लिहिलं त्याने ऑक्टोबर परत तपासावा अशी मनापासून विनंती.

दुकानाबद्दल. बाजारातलं छोटं दुकान, मेणबत्त्या, रोझरी, फ्रेम, कार्ड असं सगळं. इंग्लिश आणि रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी पुढे मांडलेलं असतं, मराठी मागच्या कपाटात, त्यामुळे मागावं लागतं, नुसतं बघून परत येऊ नका. गल्ल्यावरच्या आंटी फार चांगल्या, कोंकणीत बोलतात, मी मराठीत, दोघींचं व्यवस्थित चालतं. त्यांनी पाकीट फोडून चार पानं वाचू दिली आणि म्हणाल्या आवडलं तरच घे. किंमत दोनशेच्या थोडी पुढे, वर्षानुवर्षं चालणाऱ्या वस्तूला मला ती जास्त वाटली नाही. काहीजण विचारतात गोव्यात मराठी ख्रिस्ती साहित्य कोण वाचणार. अहो, फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण हे ख्रिस्तकथेचं काव्य १६१६ साली इथेच सासष्टीत, राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये, तेव्हा देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. आज देवनागरीत ओट्यावर ठेवता येतंय, घ्यायला पाहिजे.

कोणासाठी घ्याल? नवीन लग्न झालेल्यांना द्या, होस्टेलला जाणाऱ्या पोरांना द्या, आणि ज्यांना बायबल अजिबात माहिती नाही पण चांगलं वाचायला आवडतं त्यांना पण द्या. आमच्या शेजारच्या वहिनी लईराई देवीच्या जत्रेला शिरगावला जातात आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्तालाही तेल घेऊन येतात, लोकांच्या मनात त्या दोघी बहिणीच ना, तर या वहिनी रोज संध्याकाळी आमचं पान वाचून जातात. नीतिसूत्रे १५:१७, प्रेमाने वाढलेली पालेभाजी द्वेषाच्या मेजवानीपेक्षा बरी, हे त्यांनी स्वतःच्या फ्रिजवर लिहून लावलंय. ज्यांना सखोल अभ्यास हवा त्यांनी मात्र हे घेऊ नका, तुम्हाला चार ओळींत काही मिळणार नाही, तुम्ही सरळ अध्याय उघडून बसा.

ठेवायचं कुठे, तर बेडरूममध्ये नको, देवाच्या फोटोपाशी पण नको, गॅसपासून हातभर लांब ओट्यावर, जिथे घरातला प्रत्येकजण पाणी प्यायला येतोच. रिंगांना पावसाआधी थोडं खोबरेल लावून ठेवा. आणि शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते आणि आंटींना कपाट उघडायला वेळ नसतो, शनिवारी सकाळी गेलात तर निवांत पानं चाळू देतात. जानेवारीची वाट बघायची गरज नाही, ज्या तारखेला घ्याल तिथून सुरू करा.