अलाबामा: ग्रीन काउंटी की विन्स्टन?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा ग्रामीण भाग समजून घ्यायला ग्रीन आणि विन्स्टन यांतली एकच काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडायची तर मी ग्रीन घेईन. टॉम्बिग्बी आणि ब्लॅक वॉरियर नद्यांमधला हा ब्लॅक बेल्टचा, म्हणजे काळ्या मातीच्या प्रदेशाचा, पट्टा. खडूच्या थरावर काळी चिकणमाती. म्हणून कापूस, आणि कापसापायी मळे नि गुलामगिरी. आजही पाचांतले चार रहिवासी कृष्णवर्णीय. पण कामधंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर गेली. २०२० च्या जनगणनेत उरली ७,७३०, राज्यात सर्वांत कमी.

विन्स्टन उत्तरेच्या डोंगराळ भागात. वालुकाश्म, दऱ्या, बँकहेडचं जंगल. मोठ्या मळ्यांजोगी जमीनच नाही, म्हणून गुलाम थोडे, १८६१ मध्ये अलाबामाने अमेरिकेच्या संघराज्यातून फुटायलाही इथल्यांचा विरोध. वस्ती २३,५४०, बहुतेक गोरी. सहलीला मात्र विन्स्टनच बरं, लुईस स्मिथ तलावासाठी.